आठव्या चॅनलवरची पाच घरं

माझा धंदा साऊंडचा. लग्न, जयंती, सभा, सगळं करतो. चर्चमध्ये मात्र मी सभासद म्हणून मिक्सरवर बसतो, पैसे घेत नाही. या गुड फ्रायडेला तिथे जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही.

सप्तशब्दांची, म्हणजे येशूने क्रुसावरून उच्चारलेल्या सात वाक्यांची, उपासना बारा ते तीन. सोलापूरच्या उन्हात म्हाताऱ्या माणसांनी त्या वेळी घराबाहेर पडूच नये, म्हणून लाइव्ह असतं. या लाइव्हवरून माझं कमिटीशी जुनं भांडण आहे. त्यांना कॅमेरा चांगला हवा, व्ह्यूज किती झाले ते हवं. आवाजाचं कोणी विचारत नाही. मिक्सरमधून थेट आवाज दिला की त्यात पुलपिट (उपदेशाचं व्यासपीठ), हार्मोनियम आणि गायकांचे दोन माइक एवढंच जातं. मंडळीपुढे माइकच नसतो. बाकांवरची सगळी माणसं गात असली तरी घरी ऐकणाऱ्याला चर्च रिकामं वाटतं. दोन वर्षं मागे लागून मी बाकांच्या वर दोन कंडेन्सर माइक टांगले. ते हॉलच्या स्पीकरला द्यायचे नाहीत, शिट्टी वाजते. फक्त लाइव्हला द्यायचे. पहिल्याच रविवारी एका मावशींचा फोन आला, "आज बाकावर बसल्यासारखं वाटलं रे." उपदेश त्यांना आधीही नीट ऐकू येत होता. शेजारच्या बाकावरचा खोकला येत नव्हता.

त्या दिवशी चौथा शब्द चालू असताना लाइट गेली. पंखे थांबले, लाइव्ह गेलं. इन्व्हर्टरवर मिक्सर आणि दोन स्पीकर तेवढे राहिले. पाचवा शब्द एक आजी घरून वाचून पाठवणार होत्या, त्यांचा फोन आला. पाळकसाहेब म्हणाले, "त्यांचा आवाज फोनवरूनच इथे ऐकू दे की."

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये अंत्यविधीसाठी मी एक केबल सोल्डर केली होती. मिक्सरचा आवाज फोनच्या माइकला झेपत नाही, म्हणून मध्ये रेझिस्टर. फोनकडे सगळं पाठवायचं, फक्त फोनचा स्वतःचा आवाज वगळून. नाहीतर बोलणाऱ्याला आपलाच आवाज परत ऐकू येतो आणि तो अडखळतो. कॉन्फरन्समध्ये पाच जण जोडता येतात. आजी आणि अजून चार घरं जोडली, मिक्सरच्या आठव्या चॅनलवर घेतली.

आजींनी बायबलमधला योहानाचा एकोणिसावा अध्याय काढला. "मला तहान लागली आहे." नळाला रोज पाणी न येणाऱ्या या गावात, पंखे बंद असलेल्या त्या हॉलमध्ये, त्या थकलेल्या आवाजात हे चार शब्द आले तेव्हा कोणी हललं नाही. इतकी वर्षं माइक लावतोय, असा शब्द माझ्या स्पीकरमधून कधी गेला नव्हता.

शेवटी प्रभूची प्रार्थना. मंडळी एका सुरात म्हणू लागली आणि फोनवरची पाच घरं मागे पडू लागली. फोनला उशीर असतो, अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर, पण सामुदायिक प्रार्थनेत तेवढाही खटकतो. शिवाय कोणाच्या तरी घरी इन्व्हर्टरवरचा कूलर घरघरत होता. पाचही आवाज एकाच वायरने येतात, एकालाच बंद करता येत नाही. माझा हात सवयीने गेला आणि मी त्या चॅनलचा फेडर, आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, खाली ओढला. साऊंडवाल्याच्या कानाला मागे पडलेला आवाज म्हणजे दोष.

"आमची ऋणे आम्हास सोड" इथपर्यंत आल्यावर मला कळलं मी काय केलंय. फेडर वर नेईपर्यंत हॉलचं आमेन होऊन गेलं होतं. मग फोनवरून आमेन आलं, पाच वेगवेगळ्या वेळी. लोकांनी मागे वळून पाहिलं. काही जणींनी डोळे पुसले. बाहेर पडताना कमिटीतल्या एकाने पाठ थोपटली, "शेवटी काय सुंदर जमवलंस!"

संध्याकाळी आजींकडे गेलो. खाटेवर पडून होत्या, फोन उशाशी. फेडर बंद असला तरी त्यांना हॉल पूर्ण ऐकू येत होता, त्यामुळे त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. माझा हात धरून म्हणाल्या, "बाळा, तीन वर्षांनी सगळ्यांबरोबर प्रार्थना म्हटली बघ. माझा आवाज गेला ना तिकडे?"

मी "हो आजी" म्हणालो.