डाव्या हाताचा फ्री थ्रो

लॉस एंजेलिसला पाच दिवस होते. हॉलीवूड, सांता मोनिकाचा धक्का आणि ग्रिफिथ वेधशाळा तीन दिवसांत पाहून झाली. फोटो सगळ्यांकडे असतात तसेच आहेत. उरलेले दोन दिवस मी दोन जुन्या बास्केटबॉल हॉलसाठी राखून ठेवले होते. हे लिहायला बसले तेही त्यांच्यासाठीच.

पहिला हॉल लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाचा, गर्स्टन पॅव्हिलियन. विद्यापीठ विमानतळाच्या उत्तरेला, वेस्टचेस्टर भागात टेकडीच्या कड्यावर आहे. लिंकन बुलेवार्डवरून येणाऱ्या बसने फाटकाशी उतरलात तर पुढे चांगलीच चढण आहे, तेव्हा बूट चालण्याचे हवेत. मुक्काम विमानतळाजवळ असेल तर टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं लागतात. जायचं तर सामन्याच्या दिवशीच जा. मोसम नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चच्या सुरुवातीला घरचे सामने संपतात. सामना संध्याकाळी असला तरी उजेडात पोहोचलेलं बरं, कारण हॉलबाहेरचा पुतळा नीट बघायला वेळ लागतो.

पुतळा इथल्या संघाचा खेळाडू हँक गेदर्स याचा आहे. २९ फेब्रुवारी २०२० ला त्याचं अनावरण झालं, म्हणजे खेळाडू गेल्यानंतर जवळपास तीस वर्षांनी. हॉलला इथले लोक ‘हँक्स हाउस’ म्हणतात. आत चार हजारांच्या आतबाहेर माणसं बसतात. १९८४ च्या ऑलिंपिकमधलं वेटलिफ्टिंग इथेच झालं होतं. मोठ्या विद्यापीठांच्या वीस हजारांच्या स्टेडियमपुढे हा हॉल लहान आहे आणि तेच मला आवडलं. फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर रेषेवरून कुणी न अडवता मारायला मिळणाऱ्या चेंडूच्या वेळी, तो जमिनीवर आपटल्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत येतो.

गेदर्स आणि बो किंबल हे दोघे फिलाडेल्फियाचे. एकाच शाळेच्या, डॉबिन्स टेकच्या संघातून खेळले, एकत्रच सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात आले, तिथे एक मोसम काढून एकत्रच इथे आले. विद्यापीठ बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसावं लागे, तेही दोघांनी बरोबर काढलं. प्रशिक्षक पॉल वेस्टहेड. चेंडू हातात आला की काही सेकंदांत बास्केटकडे मारायचा आणि लगेच पूर्ण मैदानभर दाबून बचाव करायचा, ही त्यांची पद्धत. १९८९-९० मध्ये या संघाची सामन्यागणिक सरासरी १२२.४ गुण होती. त्याआधीच्या मोसमात गेदर्स गुणांत आणि रिबाउंडमध्ये (नेम चुकून परत आलेला चेंडू पकडण्यात), दोन्हींत देशात पहिला आला होता: ३२.७ गुण, १३.७ रिबाउंड.

इतक्या ताकदीच्या खेळाडूला फ्री थ्रो मात्र जमत नसत. समोर कुणी नाही, घाई नाही, रेषेपासून बोर्डापर्यंत १५ फूट, रिंग १० फूट उंचीवर, आणि तरी चेंडू बाहेर. शेवटी उजव्या हाताचा हा माणूस फ्री थ्रो डाव्या हाताने मारू लागला. हा तपशील ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

डिसेंबर १९८९ मध्ये तो एका सामन्यात कोसळला. हृदयाच्या ठोक्यांत दोष सापडला, औषधं सुरू झाली, काही आठवड्यांत तो पुन्हा मैदानात आला. ४ मार्च १९९० ला याच हॉलमध्ये वेस्ट कोस्ट कॉन्फरन्स या लोयोलाच्या लीगच्या स्पर्धेत, उपांत्य फेरीत पोर्टलंडविरुद्ध त्याने उंचावरून आलेला पास रिंगमध्ये कोंबला आणि बचावासाठी मागे येता येता मैदानाच्या मध्याजवळ पडला. त्याच संध्याकाळी तो गेला. वय २३. स्पर्धा तिथेच थांबवली आणि लीगमध्ये पहिल्या असलेल्या लोयोलाला विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेची जागा मिळाली. खेळायचं की नाही, हे मुलांना ठरवायचं होतं. ती खेळली.

मी बसले होते तिथून मध्यरेषा सरळ दिसत होती. सामना सुरू असताना सगळे चेंडूकडे बघतात. मी बराच वेळ त्या रेषेकडे बघत होते. पूर्वार्धात कुणीतरी फ्री थ्रोला उभं राहिलं तेव्हा नजर हलली.

दिवंगत खेळाडूसाठी संघ काय काय करतात हे आपल्याला माहीत असतं. दंडाला काळी पट्टी, दोन मिनिटं शांतता, जर्सीवर आकडा, आपल्याकडे कैलासवासी अमुक स्मृतिचषक. त्यात खोटं काही नसतं. पण त्यासाठी करणाऱ्याला फारसं काही मोजावं लागत नाही आणि गेलेल्या माणसाला ओळखण्याचीही गरज नसते. किंबलने ठरवलं की राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रत्येक सामन्यातला आपला पहिला फ्री थ्रो डाव्या हाताने मारायचा. तो स्वतः उजव्या हाताचा, त्या मोसमात ३५.३ च्या सरासरीने देशात सर्वाधिक गुण करणारा.

याची किंमत खेळणाऱ्याला लगेच कळेल, इतरांसाठी थोडं सविस्तर. उजव्या हाताने मारताना उजवा पाय किंचित पुढे असतो, उजवं कोपर चेंडूखाली आणि रिंगच्या रेषेत, डावा हात नुसता बाजूला आधाराला. डाव्याने मारायचं तर हे सगळं उलटं करावं लागतं. पाय बदलणं सोपं आहे, कोपर मात्र सवयीने बाहेर फाकतं आणि चेंडू बाजूला जातो. दुसरी चूक आधाराच्या हाताची. आयुष्यभर चेंडू फेकलेला उजवा हात गप्प बसत नाही. शेवटच्या क्षणी त्याचा अंगठा ढकलतो, चेंडूला आडवी फिरकी बसते आणि तो कड्यावर पडून आत यायच्या ऐवजी बाहेर सटकतो. तिसरी, आणि सगळ्यात जास्त होणारी, चूक म्हणजे चेंडू आखूड पडणं. नवख्या हातावर लक्ष गेलं की गुडघे वाकायचे राहतात, आणि १५ फुटांचं बळ पायांतूनच येतं. रिंगचा व्यास १८ इंच, चेंडूचा साडेनऊच्या आसपास. जागा पुरेशी वाटते, पण चेंडू चपटा गेला की ती आवळत जाते. करून पाहायचं असेल तर रिंगपासून पाच फुटांवर उभं राहून फक्त डाव्या हाताने सुरुवात करा, उजवा पाठीमागे धरा. तिथून लागोपाठ दहा पडले की एक पाऊल मागे. रेषेपर्यंत पोहोचायला आठवडे लागतात. किंबलकडे १२ दिवस होते.

नियमाचा धोका वेगळाच. त्या काळी एका अर्धात प्रतिस्पर्ध्याचा सातवा फाउल झाला की साध्या फाउलवर ‘वन अँड वन’ मिळे: पहिला पडला तरच दुसरा मारायचा, चुकला तर दुसऱ्याची संधीही गेली. म्हणजे पहिलाच फ्री थ्रो परक्या हाताने मारणाऱ्याचा एकाऐवजी दोन गुणांचा तोटा होऊ शकत होता.

मला सगळ्यात जास्त हलवून गेलं ते निराळंच. गेदर्सचं डंक (चेंडू वरून रिंगमध्ये कोंबणं), त्याचे रिबाउंड, त्याचं बळ, यातलं काहीही उचलता आलं असतं. किंबलने उचलली त्याची अडचण. ज्या गोष्टीत गेदर्स कमी पडत होता, सरावात एकटाच रेषेवर उभा राहून ज्याच्याशी झगडत होता, ती. प्रेक्षक असं निवडत नाहीत. ते निवडायला शाळेपासून त्याच्या शेजारी उभं असावं लागतं.

दुसऱ्या दिवशी दुसरा हॉल, लाँग बीच अरेना. राष्ट्रीय स्पर्धेतले लोयोलाचे पहिले सामने इथे झाले. विमानतळाजवळच्या मेट्रो स्थानकावरून सी लाइनने विलोब्रुक-रोझा पार्क्स, तिथे बदलून ए लाइनने डाउनटाउन लाँग बीच. तिकीट १.७५ डॉलर, कार्डावर दोन तासांच्या आत बदली धरून. प्रवासाला दीड-दोन तास लागतात. हे शहर गाडीवाल्यांसाठी बांधलेलं आहे याचा त्रास दर बदलीला होतो. बायकोमुलांना, आजीआजोबांना घेऊन जाणार असाल तर गाडीच करा. स्थानकावरून पाण्याच्या दिशेने दहा मिनिटं चाललं की गोल इमारत दिसते, भिंतीवर देवमाशांचं अजस्र चित्र. चित्र १९९२ चं, म्हणजे त्या सामन्यांनंतरचं. ऑलिंपिकचा धागा इथेही आहे, १९८४ चं व्हॉलीबॉल या हॉलमध्ये झालं.

१६ मार्च १९९० ला इथे न्यू मेक्सिको स्टेटविरुद्ध किंबल रेषेवर आला, पाय बदलले, चेंडू डाव्या हातात घेतला आणि मारला. आत. त्या सामन्यात त्याने ४५ गुण केले, निकाल १११-९२. दोन दिवसांनी समोर आदल्या वर्षीचा विजेता मिशिगन. १४९-११५. राष्ट्रीय स्पर्धेत एका संघाने केलेले हे सर्वाधिक गुण आहेत. जेफ फ्रायरने तीन गुणांचे ११ बास्केट मारले. फ्रायरचं नाव लोक विसरतात आणि मला ते फार खटकतं.

इमारतीला बाहेरून एक फेरी मारली. आत जायचं कारण नव्हतं. बाकावर बसून बराच वेळ खाडीकडे बघत होते.

किंबलने पुढे हृदय बंद पडलेल्यांसाठी ‘फॉर्टी-फोर फॉर लाइफ’ नावाची संस्था काढली. ४४ हा गेदर्सचा जर्सी क्रमांक. काम सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि एईडी (थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) यांच्या प्रसाराचं. म्हणून एवढं सांगते: तुमच्या मुलांच्या सरावाच्या हॉलमध्ये एईडी कुठे टांगलंय ते आजच बघून ठेवा, आणि त्या खोलीला कुलूप असतं का तेही. खेळाडू धक्का न लागता कोसळला, हाक मारल्यावर उत्तर देत नाही, श्वास नीट नाही, तर एकाने रुग्णवाहिका बोलवायची, दुसऱ्याने यंत्राकडे धावायचं, तिसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. झटके येताहेत, उचकी दिल्यासारखा श्वास येतोय म्हणून थांबायचं नाही. हृदय थांबल्यावरही तसं होतं. पाणी पाजणं, चपला-कांदा हुंगवणं यात मिनिटं जातात.

लोयोलाचे पुढचे सामने ओकलंडला झाले, तिथे मी गेले नाही. अलाबामाविरुद्ध वेगवान संघाला बेड्या घातल्यासारखा सामना झाला, ६२-६०. तो लोयोलाने जिंकला. दोन दिवसांनी नेवाडा लास व्हेगासने, जो संघ पुढे विजेता ठरला, त्यांना १३१-१०१ असं हरवलं. तिथेही रेषेवर आल्यावर किंबलने आधी पाय बदलले. स्पर्धेत त्याने डाव्या हाताने मारलेला एकही फ्री थ्रो चुकला नाही.