एक जास्तीचं ताट

कोल्हापुरातल्या शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी जानेवारी उजाडला की माझे पाय आपोआप शाळेकडं वळतात. कुणी बोलावो न बोलावो. स्नेहसंमेलनाचा दुसरा दिवस हा आमच्याकडं 'जगाचा दिवस'. पत्रिकेत त्याचं नाव दीड ओळीचं असतं, पोरं मात्र एवढंच म्हणतात. संयुक्त राष्ट्रांनी सांस्कृतिक विविधतेसाठी २१ मे ही तारीख ठरवलेली आहे. पण तेव्हा आमची पोरं मामाच्या गावाला आंबे खात असतात. म्हणून आमचं जग जानेवारीतच.

दीपप्रज्वलन, ईशस्तवन, शाल-श्रीफळ, अहवालवाचन हे सगळं रीतीप्रमाणं होतं. अहवाल कुणी ऐकत नाही. सहा वर्षं तो मीच लिहीत होते, मीही ऐकला नाही.

हा दिवस सुरू केला मी, भूगोलाची बाई म्हणून, आणि पहिल्याच वर्षी माती खाल्ली. सहावीच्या बारा पोरांच्या तोंडाला काळा रंग फासला, कमरेला आंब्याचे डहाळे बांधले आणि 'आफ्रिकेचा नाच' बसवला. शिट्ट्या काय, टाळ्या काय, वन्समोअर काय! शिवाजी विद्यापीठात शिकणारा सुदानचा एक मुलगा त्या दिवशी पाहुणा होता. तो रागावला नाही, पण हसलाही नाही. नंतर चहा घेताना त्यानं हळूच विचारलं, "मॅडम, आफ्रिकेत पन्नासाहून जास्त देश आहेत. हा नाच कुठल्या देशातला?" पंधरा वर्षं मी फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढत होते. तो चहा घशाखाली उतरला नाही.

पुढच्या वर्षीपासून नियम केला. तोंडाला रंग लावायचा नाही. नुसतं खंडाचं नाव घेऊन भागवायचं नाही, देश सांगायचा. आणि दुसऱ्याच्या घरची एक रीत सांगायची तर आपल्या घरची एक तिच्या शेजारी मांडायची. हा शेवटचा नियम आमच्या सहकाऱ्यांना फारसा पटला नव्हता. "बाई, पोरांचं घरातलं सगळं चव्हाट्यावर येईल की!" आलं. बरंच आलं. पण खरी मजा तिथंच सुरू झाली.

हातवारे करून, आवाज चढवून केलेलं स्पर्धेतलं भाषण मला कधीच भिडलं नाही. चौथीतलं एखादं पोर कागद घामानं ओला करून, मधेच विसरून, बाईंकडं बघून पुन्हा सुरू करतं ना, तिथं माझा जीव अडकतो. फुलं विकणाऱ्या एका ताईंची मुलगी मेक्सिकोवर बोलली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत तिथं मेलेल्या माणसांची आठवण काढतात, फोटो मांडतात, त्यांना आवडायचं ते करून पुढं ठेवतात आणि सगळीकडं झेंडू असतो. आपण दसऱ्याला ज्याचं तोरण लावतो ते फूल मुळात तिकडचं, हे तिनं सांगितल्यावर तिची आईच चकित झाली. मग पोरगी म्हणाली, "आमच्या आज्जाला चहा-खारी आवडायची. पितरांच्या पानावर आमी तीच ठेवतो." कागदात हे वाक्य नव्हतं.

गुऱ्हाळवाल्यांच्या पोरानं कोलंबियातला गूळ शोधून काढला. तिथंही उसाचा रस कढईत आटवतात, त्याला पानेला म्हणतात. वर ठासून सांगितलं की ऊस पहिल्यांदा माणसानं लावला तो न्यू गिनीत. आणखी एकानं तांबड्या रश्श्यातली मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर इकडं आली असं जाहीर केलं, तेव्हा पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठून म्हणाले, "मिरची कुणाची का असंना, रस्सा आपलाच हाय!" सगळा मांडव हसला. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, तेही खरंच की.

एके वर्षी पेठेतल्या तालमीतल्या पाच पोरांनी इराणचा जोरखाना, म्हणजे तिथली तालीम, दाखवला. तिथं जमिनीत खोल आखाडा असतो, आपल्याकडं तांबड्या मातीचा हौदा. आपल्या जोडीसारखेच लाकडी मुद्गल फिरवतात, आणि वर बसलेला एक जण ढोल वाजवत कविता म्हणतो. २०१० मध्ये युनेस्कोनं ही परंपरा आपल्या यादीत घेतली. 'पैलवान' हा शब्दच फारसीतून आलाय म्हटल्यावर वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला आणि ढोलाच्या जागी स्वतः हलगी घेऊन बसले. इराणात हलगी नसते, मला माहीत आहे. पण वस्तादांना नाही कोण म्हणणार?

सातवीला मात्र आम्ही भाषणाआधी दसरा चौकात न्यायचो. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या, धर्माधर्मांच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली. त्यातली कितीतरी तिथं चालत फिरून दाखवता येतात. पोरांना मोजायला लावायची, बाकी मी काही बोलायची नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरहून एक मुलगी आमच्याकडं यायची, सिंधी घरातली. आजोबांचं कापडाचं दुकान. तिनं विषय घेतला पोलंड. मला वाटलं, कुठून तरी उतरवून आणलं असेल. ती उभी राहिली आणि म्हणाली, "आमचं घर जिथं आहे, तिथं आधी पोलंडची माणसं राहायची." दुसऱ्या महायुद्धात रशियानं घरादारातून उचलून सैबेरियात नेलेली ही माणसं सुटका झाल्यावर इराणमार्गे इकडं आली, आणि १९४३ ते १९४८ या काळात त्यातले सुमारे पाच हजार जण आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि लेकरं. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. ती गेली आणि फाळणीत सगळं गमावलेले सिंधी त्याच वस्तीत आले. त्यात तिचे आजोबा, आठ वर्षांचे.

मग ती टेबलाकडं गेली. पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या रात्री जेवायला बसताना एक ताट जास्तीचं मांडतात. अवचित कुणी दारात आलं तर त्याच्यासाठी. 'पाहुणा घरात, देव घरात' अशी त्यांची म्हणच आहे. टेबलावर तिनं चार ताटं मांडली, पाचवं रिकामं ठेवलं आणि म्हणाली, "आमचे आजोबा आले तेव्हा तिथं कुणी ताट ठेवलं होतं का, ते मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, कोल्हापूरच्या माणसांनी भाकरी आणून दिली होती." आजोबा तिसऱ्या रांगेत बसले होते. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. पुढचे दोन नाच मला काही दिसले नाहीत.

तेव्हा समोर किती खुर्च्या भरल्या होत्या म्हणता? दोनशेतल्या साठ. आपल्या पोराचा नाच झाला की आई-बाप पोराला तसंच मेकअपसकट गाडीवर बसवून पसार. पत्रिकेत नाव मोठं छापून घेणारे पाहुणे शाल पडली की निघाले. 'बाई, नक्की येतो' म्हणणारे माजी विद्यार्थी तर क्रिकेटचा सामना लागला की गडप. मला याचं वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही.

जे राहिले त्यांची नावं इथं लिहीत नाही, पण कुणाला विसरलेले नाही. शिपाईमामा, जे पहाटे पाचला येऊन मैदानावर पाणी मारायचे. २०१९ च्या महापुरात वेशभूषेची ट्रंक भिजली तेव्हा शंभर कपडे घरी नेऊन धुणाऱ्या मावशी. पुढच्या जानेवारीत जुन्या साड्यांतून नवे पोशाख शिवून देणाऱ्या शेजारच्या काकू. कोरोनाची दोन वर्षं मांडव पडला नाही, तरी आधीचे पैसे मागायला न आलेले मांडववाले अण्णा. माईकची वायर तोंडात धरून जोडणारा साउंडवाला दादा, भडंगाची पोती पाठवणारे दुकानदार, नकाशे रंगवणारे चित्रकलेचे सर, आणि आमचे गणिताचे सर, ज्यांना या सगळ्यात काडीचा रस नव्हता, तरी खुर्च्या तेच मोजून परत द्यायचे.

आणि हो, ते पाचवं ताट. ऐन वेळी चारच सापडली, तेव्हा शाळेसमोरच्या खानावळीतल्या वहिनींनी स्वतःच्या लग्नातलं स्टीलचं ताट पळत आणून दिलं. मागं नाव आणि तारीख कोरलेली आहे. दर वर्षी मी ते परत द्यायला जाते आणि दर वर्षी त्या म्हणतात, "राहू दे ओ बाई, पुढच्या साली लागंलच की." यंदाही गेले होते. ताट अजून माझ्याकडंच आहे.