पाच वॅटचा रेडिओ आणि धरमपेठची गच्ची

नागपूरजवळचं आकाशवाणीचं 1566 किलोहर्ट्झचं ट्रान्समीटर आठवतं का? 1000 किलोवॅटचं. 1988 साली राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली ती त्याच्यावर, आणि रात्री देशात कुठेही असा, साध्या ट्रान्झिस्टरवर ती लागायची. रेडिओनं लांब पोचायचं तर तेवढी ताकद हवी, हे आम्हा नागपूरकरांच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं. मी इथे इंग्लंडात शेफील्डजवळच्या डोंगरावर जो हॅम रेडिओ (परवाना घेऊन हौसेनं बोलायचा रेडिओ) घेऊन जातो, तो स्वतःच्या बॅटरीवर 5 वॅट देतो. त्या ट्रान्समीटरचा दोन लाखावा भाग. तरी त्यावरून नागपुरात धरमपेठेतल्या काकांशी बोलणं झालं, आणि घरचे सगळे "कसं काय?" विचारताहेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

सेट आहे आयकॉमचा आयसी-705, 2020 मध्ये बाजारात आलेला. बॅटरीसकट वजन साधारण 1.1 किलो. शॉर्टवेव्हच्या हॅम बँडपासून 430 मेगाहर्ट्झपर्यंत सगळं त्यात आहे. बाहेरची बॅटरी जोडली तर 10 वॅट मिळतात. अँटेना सेटशी जुळवून घेणारा ट्यूनर मात्र आत नाही, तेव्हा तार नीट मापात कापलेली हवी. किंमत हजार पौंडांच्या वर आहे. माझ्या दृष्टीनं त्या पैशाचं खरं मोल त्याच्या छोट्या पडद्यात आहे. कुठे कोण बोलतंय ते त्यावर उजळ रेघांनी दिसतं आणि मागची काही सेकंदं खाली सरकत जातात. सकाळी 14 मेगाहर्ट्झवर तो लावला की रेघांची दाटी होते. एका रेघेवर बोट ठेवलं की इटलीतला कुणीतरी बोलताना ऐकू येतो, शेजारच्या रेघेवर बल्गेरियातला.

कमी ताकदीचं गणित मला सगळ्यात जास्त आवडलं. 100 वॅटवरून 5 वॅटवर आलं की फरक पडतो 13 डेसिबलचा (डेसिबल म्हणजे ताकदीची पटीतली मोजणी). सिग्नल मीटरवर एक घर साधारण 6 डेसिबलचं, म्हणजे समोरच्याच्या मीटरचा काटा जेमतेम दोन घरं खाली येतो. वीसपट ताकद गेली आणि गमावली दोन घरं! उरलेलं काम अँटेना, उंची आणि आकाश करतं.

म्हणून डोंगर. पीक डिस्ट्रिक्टमधला विन हिल साडेचारशे मीटरहून थोडा उंच. माथ्यावर खडक आणि सर्वेक्षणाचा जुना खांब, खाली लेडीबोवरचं धरण. फायबरची मासेमारीची लांब काठी कुंपणाच्या खुंटाला दोन पट्ट्यांनी आवळायची, टोकाला तार बांधायची आणि ती तिरपी खाली ओढून खिळ्याला ताणायची. 28 मेगाहर्ट्झसाठी अर्धी तरंगलांबी म्हणजे जेमतेम पाच मीटर तार. वारा सुटला की काठी धनुष्यासारखी वाकते, पण तार टिकते. डोंगरमाथ्यावरून बोलण्याचा हा खेळ 2002 मध्ये इंग्लंडातच सुरू झाला. माथ्यावरून चार जणांशी संपर्क झाला की गुण मिळतात. गुणांचं मला फारसं कौतुक नाही, पण त्यापायी थंडीतही घराबाहेर पडणं होतं.

आता काकांचं. धरमपेठेतले हे काका आमचे जुने शेजारी. जुना व्हीयू-टू (भारतातल्या हॅमच्या कॉलसाइनची सुरुवात) परवाना, आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा तीन एलिमेंटचा यागी, म्हणजे एकाच दिशेला रोख धरणारा अँटेना. तो ते दोरीनं हातानंच फिरवतात. वेळ ठरवली इथले दुपारचे बारा, नागपूरचे संध्याकाळचे साडेपाच. तिकडे सूर्य मावळतीला आलेला असतो, पण वातावरणाच्या वरच्या थरांवर पूर्ण वाटेत ऊन असतं. सौरचक्र, म्हणजे सूर्यावरच्या हालचालींचं कमी-जास्त होणं, तेव्हा ऐन जोरात असल्यानं 28 मेगाहर्ट्झची लाट त्या थरांवरून परत फिरत होती. ऑक्टोबर 2024 मध्ये नासानं हे चक्र कमाल टप्प्यात असल्याचं जाहीर केलं होतंच.

दोघांनी आपापलं कॉलसाइन (परवान्यावरचं ओळखनाव) सांगितलं, मी माइकचं बटण सोडलं आणि काकांचा आवाज आला. "ऐकून राहिलो बेटा, बोल!" सात हजारांहून जास्त किलोमीटर, मध्ये ना केबल, ना उपग्रह, ना कुणाचं नेटवर्क. मी त्यांना पाच-सात असा रिपोर्ट दिला, म्हणजे स्पष्टपणा पाच, सिग्नलचा जोर सात. त्यांनी मला दिला चार-तीन. यात माझ्या 5 वॅटचा वाटा आहेच, पण त्यांच्याकडचा खरखराटही मोठा आहे. गल्लीतले एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर, सगळे बँडवर बसलेले. माझ्याकडे नुसता वारा. शहरातल्या हॅमला ताकद वाढवण्यापेक्षा शांत जागा शोधणं जास्त फायद्याचं, हे मला त्या चार मिनिटांत पटलं. सेमिनरी हिल्सवर किंवा रामटेकच्या बाजूला परवानगी घेऊन एक काठी उभी करून बघा, फरक कानाला कळेल.

सेटमधल्या मायक्रोएसडी कार्डावर ते बोलणं रेकॉर्ड झालंय. आईला पाठवलं तर म्हणाली, "यांचा आवाज तर आपल्या अंगणातल्यासारखा येऊन राहिला."

प्रतापनगरातला भाचा आता मागे लागलाय. त्याच्यासाठी लिहून ठेवतो. इथला पहिला परवाना 26 बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षेवर मिळतो आणि 2024 पासून त्यावर 25 वॅटपर्यंत मुभा आहे. आपल्याकडे परीक्षा दूरसंचार विभागाचा डब्ल्यूपीसी, म्हणजे बिनतारी परवाने बघणारा विभाग घेतो. वय किमान 12, वर्ग दोन, प्रतिबंधित आणि सर्वसाधारण. प्रतिबंधितला मोर्स (टिंब-रेघांची लिपी) लागत नाही. परवाना हातात येण्याआधी असा सेट जवळ ठेवायचा नाही, मामा विमानातून आणून देणार नाही. तोवर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ इंटरनेटवर फुकट ऐकता येतो. कमी ताकदीवाले 14.285 आणि 28.360 मेगाहर्ट्झच्या आसपास असतात, तिथे कान लाव. आणि शनिवारी एखाद वेळ काकांच्या गच्चीवर जा, यागी फिरवायला त्यांना माणूस हवाच आहे.