पन्हळ उभी ठेवायची: टाकाऊ खोक्यांतून केलेले घरातले कप्पे

ड्रॉवरचं माप घेतल्याशिवाय एकाही खोक्याला कटर लावायचा नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवलं. टाकाऊतून टिकाऊ करायला बसलं की बहुतेकदा उलटं होतं. हातात एखादा छान डबा येतो, म्हणून त्याचं काहीतरी करायचं आणि मग ते ठेवायला जागा शोधायची. मला घरात आणखी वस्तू नको होत्या, आहेत त्या सापडायला हव्या होत्या. चार्जरच्या वायरी, आत्याच्या गोळ्या, शिवणाचं सामान, बॅटऱ्या, स्क्रू, बिलं. म्हणून आधी वही घेतली आणि प्रत्येक ड्रॉवरची आतली लांबी, रुंदी, उंची लिहून काढली. उंची मोजताना ड्रॉवरच्या वरच्या आडव्या फळीखालून काय जाईल ते पाहायचं. मी त्याहून अर्धा सेंटिमीटर कमीच धरला, नाहीतर कप्पा अडतो आणि ड्रॉवर ओढताना सगळंच उचकटतं.

वही भरल्यावर जमवलेली खोकी, डबे, बाटल्या समोर घेतल्या. यातलं काय कशाला लावायचं याचं उत्तर त्या वस्तूच्या घडणीतच असतं, असं माझं ठाम मत आहे. पॅकिंग कुणीतरी विचार करून केलेलं असतं. त्यातली ताकद नेमकी कुठे आहे ते ओळखलं, तर डिंक कमी लागतो आणि वस्तू वर्षानुवर्षं टिकते.

पन्हळी पुठ्ठ्याचंच घ्या. खोक्याची कापलेली कड डोळ्यांजवळ धरली की दोन सपाट कागदांच्या मधे एक नागमोडी कागद दिसतो. त्याच्या लाटा म्हणजे पन्हळी. पूर्वी नुसताच चुणीदार कागद असायचा. इंग्लंडमध्ये १८५६ साली टोप्यांच्या अस्तरासाठी त्याचं पेटंट घेतलं गेलं. अमेरिकेत १८७१ मध्ये अल्बर्ट जोन्स यांनी बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळण्यासाठी तो वापरात आणला, आणि १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी त्याला सपाट कागदाची जोड दिली. तिथून त्याला खरं बळ आलं. पण हे बळ सगळ्या दिशांना सारखं नसतं. पन्हळी उभ्या असतील तर पुठ्ठा वरचा भार पेलतो, आडव्या असतील तर लगेच चेपतो. एकावर एक रचायच्या खोक्यांमध्ये पन्हळी उभ्याच असतात त्या यासाठी. एकाच खोक्यातून तळहाताएवढे दोन तुकडे कापा, एकाच्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवून वरून बोटाने दाबा. फरक लगेच हाताला कळतो.

ड्रॉवरचे कप्पे मी याच हिशेबाने केले. प्रत्येक पट्टीत पन्हळ उभी. लांबीच्या आणि रुंदीच्या पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे खाच पाडली, एका पट्टीला वरून अर्ध्या उंचीपर्यंत आणि दुसरीला खालून अर्ध्या उंचीपर्यंत. मग दोन्ही एकमेकींत बसवल्या. इथे डिंकाचा थेंबही लागत नाही, त्यामुळे उद्या ड्रॉवरमधलं सामान बदललं तर पट्ट्या सुट्या करून पुन्हा मांडता येतात. खाचेची रुंदी मात्र नेमकी पुठ्ठ्याच्या जाडीएवढी हवी. नेहमीची खोकी साधारण तीन ते चार मिलिमीटर जाडीची असतात, पण अंदाजावर न जाता मी त्याच पुठ्ठ्याचा तुकडा उभा धरून दोन्ही बाजूंनी पेन्सिलीची रेघ ओढते आणि रेघांच्या आतून कापते. खाच किंचित घट्ट बसली की पट्टी हलत नाही.

कापायला नवं पातं आणि स्टीलची पट्टी घ्यावी. बोथट पातं पुठ्ठा कापत नाही, फाडतं. एका दमात आरपार जोर लावण्यापेक्षा त्याच रेघेवरून तीनदा हलक्या हाताने गेलं की कड साफ येते आणि बोटंही सांभाळली जातात. पन्हळीला आडवी घडी घालायची असेल तर आधी चमच्याच्या दांड्याने रेघेवर दाब द्यायचा. पुठ्ठा तिथे चेपला जातो आणि घडी सरळ पडते.

पातळ पुठ्ठ्याच्या डब्यांना ही दाबरेघ कारखान्यातूनच मिळालेली असते. त्यामागची गोष्ट मला फार आवडते. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गेअर यांच्या कागदी पिशव्यांच्या कारखान्यात १८७९ साली छपाई यंत्रातली एक धातूची पट्टी सरकली आणि पिशव्यांवर घडीची रेघ पडण्याऐवजी त्या कापल्याच गेल्या. त्यावरून गेअर यांच्या लक्षात आलं की कापणं आणि घडीची रेघ पाडणं एकाच यंत्रात एका फटक्यात होऊ शकतं. आजची घडीची खोकी तिथून आली. म्हणून असा डबा मी कधी ओरबाडून उघडत नाही. चिकटवलेली शिवण हळूच सोडवते, डबा सपाट करते, उलटा करून कोरी बाजू बाहेर काढते आणि त्याच घड्यांवर पुन्हा चिकटवते. छापील जाहिरात आत जाते, करडा पुठ्ठा बाहेर येतो. उंच डबा वरून तिरका कापला की कागदपत्रं उभी ठेवायचा होल्डर तयार होतो. एक डबा लेचापेचा वाटला तर दोन डबे एकात एक घालायचे. मधे पांढऱ्या डिंकाचा अगदी पातळ हात फिरवायचा, कारण डिंकातल्या पाण्याने पुठ्ठा फुगतो आणि वाकतो. मग रात्रभर आत-बाहेर पुस्तकं लावून दाबून ठेवायचं.

आत्याच्या गोळ्यांचा कप्पा करायला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही. मी आधी गोळ्यांच्या पट्ट्या आडव्या, एकावर एक मावतील असा उथळ ट्रे आखला होता. आत्या शेजारी बसून पाहत होती. म्हणाली, "अगं, उभ्या लाव ना. मला वरच्या पट्टीखाली हात घालून शोधायला लागू नये." मग पट्टीच्या रुंदीचे अरुंद उभे खण केले, सकाळचे पुढे आणि रात्रीचे मागे, आणि प्रत्येक खणाच्या तोंडाशी जाड मार्करने मोठ्या अक्षरात औषधाचं नाव लिहिलं. पट्टीवर मुदतीची तारीख ज्या टोकाला छापलेली असते ते टोक वर ठेवलं, आणि गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढायच्या असं आमचं ठरलं. गोळ्या पट्टीतून सुट्या काढून बरणीत भरायच्या नाहीत, यावर मी अडून बसले. पट्टीतलं वेष्टन गोळीला दमटपणापासून वाचवतं आणि नाव-तारीखही तिथेच राहते. हा ट्रे कपाटात आहे, न्हाणीघरात अजिबात नाही.

कारण पुठ्ठ्याचा खरा शत्रू ओल. दमट हवेत त्याचं बळ निम्म्याहून कमी होऊ शकतं, आणि पन्हळी चिकटवायला वापरलेली स्टार्चची खळ कसरीला आणि झुरळांना आवडते. सिंकखाली, न्हाणीघरात, ओल येणाऱ्या भिंतीला टेकून पुठ्ठा ठेवू नये. जुने फोटो आणि महत्त्वाची कागदपत्रंही साध्या पुठ्ठ्यात कायमची नकोत. त्यातल्या लिग्निनमुळे तयार होणारी आम्लं कागद पिवळा करतात.

ओलसर जागी मी दुधाची-रसाची कार्टन वापरली. टिकाऊ पेयांच्या कार्टनमध्ये बहुतांश पुठ्ठा, त्यावर प्लास्टिकचे थर आणि आत ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. बाहेरून-आतून पाणी लागलं तरी चालतं, पण कापलेल्या कडेला पुठ्ठा उघडा पडतो आणि तिथून पाणी वर चढतं. म्हणून वरची दोन बोटं कड आत दुमडायची आणि क्लिप लावून ठेवायची. अशी कार्टन शेजारी शेजारी लावून न्हाणीघरातले कंगवे, ब्रश, कापूस ठेवलाय. वापरण्याआधी ती उघडून थंड पाण्याने लगेच धुवावीत आणि उलटी ठेवून कडकडीत वाळवावीत, नाहीतर वास राहतो.

प्लास्टिकच्या बाटल्यांच्या तळाशी त्रिकोणात प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा असतो, ही पद्धत १९८८ पासूनची. १ म्हणजे पेट, पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांचं प्लास्टिक, २ म्हणजे जाड एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. पेट साधारण सत्तर अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं, त्यामुळे त्यात उकळतं पाणी ओतायचं नाही. पण हाच गुण कडेसाठी उपयोगी पडतो. कापलेल्या बाटलीची कड सुरीसारखी धारदार असते. इस्त्री मध्यम गरम करायची, तिच्यावर बेकिंगचा कागद ठेवायचा, खिडकी उघडायची आणि बाटलीची कड त्या कागदावर सपाट टेकवून क्षणभर हलकी दाबायची. कड आत वळते, जाड होते आणि गोल गुळगुळीत ओठ तयार होतो. बोट फिरवून पाहिलं की कुठे राहिलंय ते कळतं. तेवढाच भाग पुन्हा टेकवायचा. बटणं, रिळं, सेफ्टी पिना आता अशा भांड्यांत आहेत आणि बाहेरूनच दिसतात. पत्र्याच्या डब्याला मात्र झाकण बाजूने कापणारा ओपनर वापरावा, त्याने कड बोथट राहते.

काचेच्या बरण्यांचं लेबल कोमट पाण्यात बुडवून सुटतं. उरलेल्या चिकट थरावर तेल आणि खायचा सोडा कालवून चोळायचा, अर्धा तास ठेवायचा आणि भांड्याच्या साबणाने धुवायचा. झाकणातली मऊ कडी वास धरून ठेवते, म्हणून खाण्याच्या कोरड्या पदार्थांना मी नवी झाकणं लावते.

एका बाबतीत माझ्याकडे तडजोड नाही. साबण, फिनाइल, कीटकनाशक यांच्या बाटल्या धुतल्या तरी खाण्यापिण्यासाठी वापरायच्या नाहीत, आणि उलट, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत असा द्रव कधीच भरायचा नाही. घरात लहान मूल असो किंवा नसो, तहानलेला माणूस अंधारात लेबल वाचत नाही. पुठ्ठ्याचे डबेही थेट खाण्याच्या पदार्थांसाठी नकोत. पुनर्वापरातल्या पुठ्ठ्यात छपाईच्या शाईतली खनिज तेलं राहू शकतात आणि ती कोरड्या पदार्थांत उतरतात.

कापड किंवा चकचकीत कागद चिकटवून कप्पे सजवायचे नाहीत, असं मी ठरवलंय. उघडा पुठ्ठा मऊ पडला की टेप काढून रद्दीत जातो आणि त्याचा पुन्हा कागद होतो. कापड चिकटलेला तसा जात नाही. साठवणीसाठी मी एकच मोठं खोकं ठेवलं आहे. ते भरलं की नवं खोकं आत येण्याआधी जुनं एक सपाट करून बाहेर जातं. सध्या त्यात बुटांचे दोन डबे आहेत, जाड आणि नेमक्या मापाचे. वहीत बिलांच्या ड्रॉवरचं माप त्यांच्याशी जुळतंय, फक्त उंची दोन सेंटिमीटर कमी करावी लागेल.