आरशावरचा दयाळ

मार्च उजाडला की आमच्या फोंड्याच्या घरामागील फणसावरचा दयाळ पहाटे सहाच्या आतच गाऊ लागतो, आणि ऊन अंगणात उतरले की स्कूटरच्या आरशावर बसून काचेतल्या दयाळाशी भांडू लागतो. गेल्या वर्षी आरशावर चोचीच्या खुणा आणि हँडलवर विष्ठेचे ओघळ इतके साचले, की शेवटी मी दोन्ही आरशांना कापडी पिशव्या बांधल्या. डिसेंबरात मात्र हाच पक्षी त्याच स्कूटरखाली किडे टिपतो आणि काचेकडे ढुंकूनही पाहत नाही.

हा फरक संप्रेरकांचा, आणि संप्रेरकांना जाग आणणारा असतो तो दिवस. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर असलेल्या काही पेशी कवटीतून झिरपणारा उजेड थेट टिपतात. दिवस वाढू लागला की तेथून पियुषिका ग्रंथीपर्यंत इशारा पोहोचतो, वृषणे कित्येक पटींनी वाढतात आणि रक्तातील टेस्टोस्टेरॉन हे नराचे संप्रेरक चढते. गोव्यात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसांत जेमतेम पावणेदोन तासांचा फरक पडतो, तेव्हा एवढ्याशा वाढीने पक्ष्याला काय कळणार, असे मला वाटत असे. परंतु विषुववृत्ताच्या आणखी जवळ असलेल्या पनामातील ठिपकेदार मुंगीपक्ष्यांवर झालेला एक प्रयोग 1998 साली प्रसिद्ध झाला, त्यात दिवस अवघ्या 17 मिनिटांनी वाढवल्यावर नरांची वृषणे वाढली आणि गाणेही वाढले.

तरीही ‘टेस्टोस्टेरॉन चढले म्हणून भांडतो’ हे अर्धेच खरे आहे. पक्ष्यांच्या संप्रेरकांचे अभ्यासक जॉन विंगफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली मांडलेल्या परिकल्पनेनुसार, हद्दीत प्रतिस्पर्धी घुसल्यामुळेही टेस्टोस्टेरॉन उसळते. म्हणजे भांडण हे जसे परिणाम असते तसे कारणही असते. पुढे सर्वच जातींत असे आढळले नाही, आणि मला तर हे न जुळणेच अधिक रोचक वाटते. टेस्टोस्टेरॉन सतत चढेच राहिले तर नर पिलांना भरवण्यात कसूर करतो, म्हणून ते गरजेपुरतेच चढणे पिलांच्या हिताचे.

ताणाचे संप्रेरक वेगळे: कॉर्टिकोस्टेरॉन. पक्षी हाती लागल्यावर ते इतक्या झपाट्याने वाढते, की मूळ पातळी हवी असेल तर अभ्यासक साधारण तीन मिनिटांच्या आत पंखाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेतात. थोडा वेळ वाढलेले कॉर्टिकोस्टेरॉन पक्ष्याला तगवते, साठवलेली ऊर्जा मोकळी करते. दीर्घकाळ टिकले तर मात्र ते प्रजननाच्या आड येते, आणि वादळात किंवा उपासमारीत पक्षी घरटे सोडून देतात त्यामागे त्याचाही हात असतो.

परवा पाडेली आमच्या माडावर चढला. कोयत्याच्या पहिल्या घावासरशी दयाळाचे गाणे तुटले आणि राखी रंगाची मादी शेपटी उभारून बराच वेळ खरखरत राहिली. नारळ पाडून पाडेली निघून गेल्यावर सुमारे वीस मिनिटांनी नर परतला. फणसावर नव्हे, पिशवी बांधलेल्या आरशावर, आणि तेथूनच गाऊ लागला.