तुम्ही विचारलंत म्हणून : ती गात का नाही?

महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आमच्या घरी आठ-दहा जण जमतात. दोन तास फक्त ऐकायचं, बोलायचं ते नंतर चहाच्या वेळी. बहुतेकदा ख्याल असतो, कधी ध्रुपद, आणि वर्षातून दोन-तीनदा माझ्या हट्टाखातर युरोपातलं काही. त्यातही माझा हात पुन्हा पुन्हा जातो तो जोन ऑफ आर्कवरच्या संगीताकडे, आणि त्यातून संगीतकार आर्थर ओनेगेर यांच्या ‘झान दार्क ओ ब्यूशे’कडे, म्हणजे ‘चितेवरची जोन’. ते संपलं की चहाचा कप हातात घेऊन कुणीतरी हमखास विचारतं, ‘सव्वा तास ऐकलं. देवदूत गातात, लहान मुलं गातात, न्यायाधीश झालेलं डुक्करसुद्धा गातं. जिच्यावर हे सगळं आहे ती मात्र नुसती बोलते. असं का?’

गेल्या खेपेला तुम्हीही विचारलंत. निघायची घाई होती म्हणून तेव्हा मी अर्धंमुर्धं उत्तर दिलं. आता नीट लिहिते.

जोनची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. 1412 च्या सुमारास फ्रान्समध्ये मज नदीकाठच्या दोंरेमी गावात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेली, लिहिता-वाचता न येणारी मुलगी. इंग्रजांचा ऑर्लेआँला पडलेला वेढा 8 मे 1429 रोजी उठला तो तिच्यामुळे. जुलैमध्ये रँसच्या कॅथेड्रलमध्ये तिने फ्रान्सच्या सातव्या शार्ल राजाला राज्याभिषेक होताना पाहिला. पुढच्या वर्षी ती पकडली गेली, तिच्यावर खटला चालला, आणि 30 मे 1431 रोजी रुआँच्या बाजारचौकात तिला जिवंत जाळलं. वय एकोणीसच्या आसपास. पंचवीस वर्षांनी, 1456 मध्ये, फेरतपासणी होऊन तो निकाल रद्द झाला. रोमने तिला संत म्हणून जाहीर केलं ते मात्र थेट 1920 मध्ये.

चिलखत घालून घोड्यावर बसलेली, हातात निशाण घेतलेली जोन आपल्या डोळ्यांसमोर येते, कारण पुतळे तसेच आहेत. पण खटल्याचं दप्तर वाचलं की वेगळीच मुलगी भेटते. ती सतत काहीतरी ऐकत असते. तेराव्या वर्षी, उन्हाळ्यात, भर दुपारी, वडिलांच्या बागेत तिला पहिल्यांदा आवाज ऐकू आला. पुढे तिने सांगितलं की ते सेंट मायकेल, सेंट कॅथरीन आणि सेंट मार्गारेट यांचे आवाज. आवाज कसा होता, असं न्यायाधीशांनी विचारल्यावर ती म्हणाली, सुंदर, गोड, नम्र, आणि तो फ्रेंच बोलतो. सेंट मार्गारेट इंग्रजी बोलत नाही का, असाही प्रश्न झाला. त्यावर तिचं उत्तर होतं, ती इंग्रजांच्या बाजूची नाही, मग इंग्रजी कशाला बोलेल? आणि एकदा ती म्हणाली की मी रानात असते तर मला आवाज नीट ऐकू आले असते. साखळदंड घातलेली, पहारेकऱ्यांच्या गलबल्यात डांबलेली मुलगी शांतता मागते आहे. माझ्या दृष्टीने त्या सगळ्या कागदांतलं हे सगळ्यात कासावीस करणारं वाक्य आहे.

घंटांचं तिला वेड होतं. 1456 च्या तपासणीत दोंरेमीच्या चर्चची घंटा वाजवणाऱ्या पेरँ द्राप्येची साक्ष झाली. रात्रीच्या प्रार्थनेची घंटा वाजवायला तो विसरला की ही पोर येऊन त्याला रागवायची, आणि नेमाने वाजवलीस तर लोकर देईन असं आमिष दाखवायची. ऑर्लेआँला तिच्याबरोबर लढलेल्या द्युनुआची साक्षही अशीच आहे. ती संध्याकाळी जवळच्या चर्चमध्ये जायची, अर्धा तास घंटा वाजवायला लावायची, आणि सैन्याबरोबरच्या भिक्षेकरी साधूंना जमवून त्यांच्याकडून मेरीमातेचं स्तोत्र म्हणवून घ्यायची. लक्षात घ्या, म्हणवून घ्यायची.

आपल्या संत स्त्रियांशी ताडून पाहिलं की तिचं वेगळेपण मला जास्त जाणवतं. मुक्ताबाई, जनाबाई, कान्होपात्रा यांचे अभंग आपण गातो तेव्हा शब्द त्यांचेच असतात, तोंड तेवढं आपलं. जोनने एकही ओवी मागे ठेवली नाही. तिचे शब्द उरले ते तिला जाळायला निघालेल्या लोकांच्या कारकुनांनी टिपून ठेवले म्हणून. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं येतं, कीर्तन त्यानंतर. जोन त्या पहिल्या पायरीवर उभी होती, आणि तिथूनच लढाईवर गेली. मग तिच्यावर संगीत करणाऱ्यापुढे पहिला पेच हा, की ऐकणाऱ्या माणसाचं गाणं करायचं कसं?

इटालियन संगीतकार व्हेर्दींनी हा पेच अडचण मानलाच नाही. त्यांचा ‘जोव्हान्ना दार्को’ हा ऑपेरा 15 फेब्रुवारी 1845 रोजी मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात आला. त्याची संहिता तेमिस्तोक्ले सोलेरा यांची, पाया जर्मन नाटककार शिलरच्या नाटकाचा. तिथे जोन शिलरच्या नाटकातल्यासारखीच लढाईत जखमी होऊन मरते, चिता नाहीच. राजा तिच्या प्रेमात पडतो, आणि खुद्द बापच तिला इंग्रजांच्या हवाली करतो. तिला आवाज येतात ते दोन तऱ्हेचे. सैतानांचा कोरस वॉल्ट्झच्या ठेक्यावर तिला ‘तू सुंदर आहेस’ म्हणत भुलवतो आणि देवदूतांचा कोरस तिला सावध करतो. रोममध्ये सेन्सॉरला संत-चर्च असला विषय रंगमंचावर नको होता. तिथे हीच कलाकृती ‘ओरिएत्ता दी लेस्बो’ या नावाने, वेगळ्याच नायिकेची म्हणून दाखवावी लागली. ला स्कालामध्ये दीडशे वर्षं ती झालीच नव्हती. 7 डिसेंबर 2015 रोजी संगीतसंचालक रिकार्दो शाई यांनी तिथला हंगाम तिनेच उघडला, जोन होत्या गायिका अ‍ॅना नेत्रेब्को. ते ध्वनिचित्रण मी अनेकदा पाहिलं आहे. नेत्रेब्कोंचा आवाज वर चढतो तेव्हा खुर्चीत सरळ बसावं लागतं. पण या ऑपेरात जोन इतकी गाते, इतकं सुंदर गाते, की ती कधी थांबून ऐकत असेल असं मला वाटतच नाही.

रशियन संगीतकार चायकोव्स्की माझ्या जास्त जवळचे. त्यांच्या आश्रयदात्या नादेझ्दा फॉन मेक यांनी त्यांना इतिहासकार वालों यांचं जोनवरचं पुस्तक भेट दिलं होतं. डिसेंबर 1878 मध्ये फ्लॉरेन्सला असताना ते वाचून खटला आणि मृत्यूपर्यंत पोचल्यावर आपण हुंदके देऊन रडलो, असं त्यांनी भाऊ मोदेस्तला कळवलं. लगेच ऑपेरा लिहायला घेतला, संहिताही स्वतःच केली. तो 1881 मध्ये पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की रंगमंदिरात आला. यात लिओनेल नावाच्या शत्रूपक्षाच्या सरदाराशी तिचं प्रेम जुळवलं आहे आणि ते मला आजही खुपतं. पण पहिल्या अंकात ती गाव सोडताना डोंगरांचा, शिवारांचा निरोप घेते, ते गाणं मी कुणालाही आधी ऐकवते. सासरी निघालेल्या मुलीने गोठ्यातल्या गाईच्या पाठीवरून हात फिरवावा, तसं ते हळूहळू एकेका गोष्टीजवळ थांबतं. फ्रान्सची ही पोर तिथे रशियन खेड्यातली होऊन जाते आणि त्यात काही बिघडत नाही. भाषा येत नसली तरी हरकत नाही, शांत खोली मात्र हवी. गूनो यांनी 1887 मध्ये रँसच्या कॅथेड्रलसाठी तिच्या स्मरणार्थ मास, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं संगीत, रचला, त्याआधी रोसिनी आणि लिस्ट यांनीही तिच्यावर लिहिलं. त्या रचना सवडीने ऐका.

आता तुमच्या प्रश्नाकडे.

ओनेगेर यांचे आईवडील स्विस, पण ते स्वतः 1892 मध्ये ल आव्र बंदरात, म्हणजे रुआँ ज्या नॉर्मंडीत आहे तिथेच जन्मले. इडा रुबिन्स्टाइन या नर्तकी-अभिनेत्रीने स्वतःसाठी जोनवर काही करून मागितलं. शब्द लिहायचे होते फ्रेंच कवी-नाटककार पॉल क्लोदेल यांनी. त्यांनी आधी नकार दिला. मग ब्रसेल्सला जाताना आगगाडीत त्यांना डोळ्यांसमोर दोन हात दिसले, एकमेकांना बांधलेले, वर उचलून क्रुसाची खूण करणारे. त्यानंतर त्यांनी थोड्याच दिवसांत संहिता पुरी केली. 1935 मध्ये ओनेगेर यांनी संगीत लिहिलं आणि 12 मे 1938 रोजी बाझेलमध्ये पॉल साखर यांच्या संचालनाखाली ते पहिल्यांदा सादर झालं.

रुबिन्स्टाइन गायिका नव्हत्या, हे तुमच्या प्रश्नाचं व्यवहारी उत्तर. जोनची भूमिका बोलण्याची झाली ती त्यामुळे. पण मोठा कलावंत अशा अडचणीचं काय करतो ते इथे पाहा. जोन चितेला बांधलेली आहे आणि ब्रदर डॉमिनिक हे साधू एक पुस्तक घेऊन येतात, तिच्याच आयुष्याचं. तिथून गोष्ट उलटी चालते. खटला, राजाराजांचा पत्त्यांचा डाव, रँसकडे निघालेला राजा, आणि मागे मागे जात दोंरेमीचं बालपण. सुरुवातीला रात्री कुत्रं रडतं आणि अंधारातून कोरस तिला हाका मारतो, ‘झान! झान!’ गाणं तिच्या चहूबाजूंनी येतं आणि ती त्याला बोलून ओ देते. म्हणजे आपण प्रेक्षागृहात बसून तिला ऐकत नाही, तिच्या जागी उभं राहून तिला जे ऐकू येतं ते ऐकतो. ती गायली असती तर आपण पुन्हा बाहेरचे झालो असतो.

त्या कुत्र्याच्या रडण्यात एक विलक्षण वाद्य मिसळलेलं आहे, ओंद मार्तनो. मोरीस मार्तनो यांनी ते 1928 मध्ये लोकांपुढे आणलं, विजेवर चालणारं. वादक बोटात एक अंगठी घालतो, ती दोरीला जोडलेली असते, आणि बोट पट्टीपुढून सरकवलं की स्वर अखंड वर-खाली जातो. आमच्याकडच्या एका सतार शिकणाऱ्या मुलीने ऐकताक्षणी म्हटलं, ‘अहो काकू, ही तर मींड!’ पाश्चात्त्य वाद्यवृंदात दोन स्वरांमधली जागा इतकी मोकळी सहसा ऐकू येत नाही. ओनेगेर यांनी फ्रेंच हॉर्न काढून टाकले आणि तीन सॅक्सोफोन घेतले. त्यामुळे या आवाजाभोवती एक खडबडीत, बाजारू कडाही आहे. खटल्याच्या प्रवेशात ती फार कामी येते. तिथे न्यायाधीश डुक्कर, पंच मेंढ्या, कारकून गाढव. तिला दोषी ठरवणाऱ्या बिशपचं नाव कोशों आणि फ्रेंचमध्ये डुकराला म्हणतात कोशों, उच्चार सारखाच. प्राण्यांचा हा गोंगाट ऐकताना मला तिचं ते रानाबद्दलचं वाक्य दर वेळी आठवतं.

आणि मग घंटा. कॅथरीन आणि मार्गारेट इथे संतही आहेत आणि गावच्या दोन घंटाही. त्यांचा संवाद सुरू झाला तेव्हा माझी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. आई आयुष्यभर काकडआरतीला जाणारी. फ्रेंचचं एक अक्षर तिला कळत नव्हतं. ‘देवळात बोलावताहेत का गं तिला?’ एवढंच तिने विचारलं आणि हात पुसत खाली बसली, शेवटपर्यंत.

1994 मध्ये रिचर्ड आइनहॉर्न या अमेरिकन संगीतकारांनी ‘व्हॉइसेस ऑफ लाइट’ रचलं. दिग्दर्शक कार्ल ड्रायर यांच्या जोनवरच्या 1928 च्या मूकपटातून त्यांना ते सुचलं. त्यांनी जोनचा आवाज एका गायिकेला दिलाच नाही. एक उंच आणि एक खालचा असे दोन स्त्रीस्वर तिचे शब्द एकाच वेळी गातात. आणि त्यात दोंरेमीच्या चर्चची घंटा आहे, त्यांनी गावी जाऊन ध्वनिमुद्रित केलेली. पेरँ द्राप्येची साक्ष वाचलेल्या माणसाला ती घंटा ऐकून काय होतं ते मला सांगता येणार नाही, तुम्हीच ऐका.

तर तुमचं म्हणणं एका जागी चूक आहे, आणि ती जागा तुमच्या हातून निसटली याचं मला नवल वाटत नाही, कारण ती फार छोटी आहे. ओनेगेरच्या रचनेत जोन एकदा गाते. शेवटाजवळ ‘त्रिमाझो’ नावाचा प्रवेश येतो. जोनच्या गावाकडच्या लोरेन प्रांतातलं हे मे महिन्याचं गाणं, मुलं दारोदार हिंडून मागतात तेव्हाचं. कोकणात शिमग्याला पोरं पोस्त मागतात ना, तसलंच. त्यात मेरीमातेपुढे लावायला एक छोटी मेणबत्तीही मागतात. चितेवरच्या जोनला ते लहानपणचं गाणं आठवतं आणि ती म्हणायला लागते. तालीम नसलेला, साधा आवाज. मेणबत्तीपाशी तिला कळतं की ती मेणबत्ती आता आपणच. गाणं तिथे तुटतं आणि पुढे तिचे शब्द पुन्हा बोलण्यात येतात.

अभिनेत्री मारियों कोतियार यांनी बार्सिलोनाच्या वाद्यवृंदाबरोबर 2012 मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण घ्या. त्या जागेला आवाज वाढवू नका, तो हळूच ठेवला आहे. पुढच्या रविवारी मी तो प्रवेश पुन्हा लावणार आहे, या वेळी सगळ्यात आधी.