तिसरा झोत

"मॅडम, झोत तीन आहेत!" मी फोनवर जवळजवळ ओरडलेच. रात्रीचे साडेअकरा. पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग, "अगं, दोन असायला हवेत ना?"

दोनच असायला हवेत, हे मलाही पाठ होतं. बृहल्लुब्धकातली झेड कॅनिस मेजॉरिस ही तरुण ताऱ्यांची जोडी. एक हर्बिग प्रकारचा जड तारा, दुसरा एफयू ओरायनिस जातीचा, म्हणजे भोवतीच्या चकतीतला वायू अधाशासारखा गिळणारा. दोघांत अंतर साधारण 0.1 आर्कसेकंद. पन्नासेक किलोमीटरवर रुपयाचं नाणं धरलं तर ते जेवढं दिसेल, तेवढं. 2008 साली ही जोडी एकाएकी उजळली. त्यानंतर हवाईतल्या केक दुर्बिणीने अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्सच्या, म्हणजे हवेमुळे होणारी थरथर आरशाने भरून काढण्याच्या तंत्राच्या जोरावर दोन्ही झोत, म्हणजे प्रत्येक ताऱ्यातून सुटणाऱ्या वायूच्या अरुंद धारा, वेगळे करून दाखवले. कुठला कोणाचा, हे तोवर धड सांगता येत नव्हतं.

मी चिलीतल्या 8.2 मीटर दुर्बिणीच्या, सर्वांना खुल्या झालेल्या प्रतिमा पुण्यात बसून पुन्हा चाळत होते. काम सांगायला सोपं: ऑक्सिजनच्या 630 नॅनोमीटर रेषेतल्या, म्हणजे झोतातला ऑक्सिजन ज्या नेमक्या तरंगलांबीला चमकतो तिथल्या प्रतिमेतून शेजारच्या तरंगलांबीची प्रतिमा वजा करायची. तारा दोन्हींत असतो, झोत मात्र फक्त रेषेत. तारा गेला की झोत उरतो. निदान पुस्तकात तरी.

माझ्याकडे दोन उरले, शिवाय एक आखूड, जाडसर, भलत्याच दिशेला.

"त्याच्या बरोब्बर समोर काय आहे?" मॅडमनी विचारलं.

मी रंगपट्टी ताणली. ताऱ्याच्या पलीकडच्या बाजूला तेवढ्याच लांबीरुंदीचा काळा खड्डा. इकडे उजेड, तिकडे तितकाच अंधार. पोटात गोळा आला. हे आकाशातलं नव्हतंच. दोन प्रतिमा एकमेकींवर नीट बसल्या नव्हत्या.

चूक सापडायला दीड वाजला. ताऱ्याचं केंद्र काढताना माझ्या प्रोग्रॅमने दशांश उडवून पूर्णांक घेतला होता. फरक पिक्सेलच्या तिसऱ्या भागाएवढा. पण ताऱ्यापुढे झोत इतका फिका की तेवढ्या सरकण्यातून उरलेला उजेडही झोतापेक्षा ठळक. आणि ती ओळ मीच लिहिलेली, मागच्या दिवाळीत, घरी जायच्या घाईत.

दुरुस्त करून चालवलं. तिसरा झोत गेला, खड्डाही गेला. राहिले ते दोन, जवळजवळ समांतर. त्यातला हर्बिग ताऱ्याचा सरळ जात नव्हता, किंचित नागमोडी. त्या वळणांवरून या ताऱ्यालाच आणखी एक न दिसणारा जोडीदार असावा, असा कयास आधीच मांडला गेलेला आहे. मी शोधनिबंधात वाचलं होतं, पण स्वतःच्या पडद्यावर ती वळणं पहिल्यांदाच पाहत होते.

मॅडमना चित्र पाठवलं. त्या जाग्याच होत्या.

"आता केंद्रं मुद्दाम थोडी हलवून बघ. वळणं टिकतात का?"

पावणेतीनपर्यंत दहा वेळा हलवली. टिकली.